सकाळी साडेआठचा आकडा

गेल्या जुलैत पुण्यात माझ्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा खंड काढला. जुन्या क्षयानं तो पोखरला होता. उजवीकडे तीन खंड असतात, डावीकडे दोन. पाचातले चार उरले. दहा दिवस इस्पितळात होते. उशाला मोबाइल आणि त्यात अण्णांच्या पावसाच्या वह्यांचे फोटो. अण्णा कोकणातल्या घरी रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचतात. हवामान खात्याचीही वेळ तीच. त्या नोंदींची वेबसाइट मी पडल्या पडल्या बांधत होते. त्या दिवसांत जे उमगलं ते लिहिते.

१. बाटली समजून घ्या. बरगड्यांमधून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते. श्वासागणिक नळीतलं पाणी खालीवर होतं, म्हणजे नळी मोकळी आहे. खोकल्यावर बुडबुडे येत राहिले तर फुफ्फुसातून अजून हवा गळतेय. फिजिओथेरपिस्टनं एवढं सांगितलं आणि माझी निम्मी भीती गेली. बाटली कायम छातीच्या खाली हवी, नाहीतर त्यातलं पाणी उलटं छातीत शिरू शकतं. एका रात्री चादर बदलताना वॉर्डातल्या मामांनी ती पलंगावर ठेवली. ओरडायचं बळ नव्हतं, मी त्यांचं मनगट धरलं. अशा वेळी भीड धरू नये.

२. खोकायचं. जखमेवर उशी घट्ट धरून खोकायचं. दुखतं म्हणून वरवरचा श्वास घेत राहिलं की कफ साठतो. वेदनेची गोळी वेळेवर मागून घ्या.

३. श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकायचं नसतं, श्वास ओढायचा असतो. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

४. एका दिवशी एकच बिघाड हाती घ्यावा. मी वेबसाइटवर जूनच्या पावसाची बेरीज करायला गेले तर रकान्यात 'एनएएन' उमटलं, म्हणजे ही संख्याच नाही. अण्णांचे आकडे देवनागरी, मी ते तसेच टंकले होते. जावास्क्रिप्टला '४२' ही नुसती अक्षरं वाटतात. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, पुढचे अंक त्यामागोमाग ओळीनं. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. कोड चार ओळींचा, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डाव्या अंगठ्यानं टंकताना दोन दुपारी गेल्या. बेरीज आली तेव्हा मला रडू आलं आणि रडताना टाके दुखले.

५. गुंगीत काहीही पुसू नये. जुन्या वहीतला अख्खा ऑगस्ट मी पुसला आणि मला तो पुन्हा टंकावा लागला.

६. लांबच्या माणसाला आकडा द्या. चोवीस तासांत बाटलीत किती मिलिलिटर आलं ते सिस्टर रोज सकाळी लिहीत. साडेआठला अण्णांचा फोन येई.

"आज किती?"

"११०, अण्णा."

"सिस्टरनी डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचलं ना?"

मी सिस्टरना विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्या खरंच वाकून वाचू लागल्या.

आकडा उतरला, बुडबुडे थांबले, आणि श्वास रोखायला लावून डॉक्टरांनी नळी काढली.

घरी गेल्यावर त्या जुलैचं पान टंकायला घेतलं. पावसाच्या रकान्याला लागून अण्णांनी पेन्सिलीनं आणखी एक रकाना आखला होता : २१०, १६०, ११०, ८०. मी तक्त्यात तो रकाना वाढवला. बेरजेचा कोड त्यालाही लावलाय.