मुलगा-सून सेवेला निघालेत

तुमच्या मुलाला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं असतं, तर एव्हाना पेढे वाटून झाले असते. सांगायला तयार वाक्य असतं: एच-वन मिळाला, न्यू जर्सीला आहे, सूनही तिकडे काहीतरी बघेल. पण मुलगा आणि सून चांगल्या नोकऱ्या सोडून वर्षभरासाठी निघालेत मॅसॅच्युसेट्समधल्या शेलबर्न नावाच्या लहानशा गावी. तिथल्या विपश्यना ध्यानाच्या केंद्रात ती स्वयंपाक करणार, खोल्या झाडणार, दहा दिवसांच्या शिबिराला आलेल्यांच्या उशा-पांघरुणांचा हिशेब ठेवणार. आणि या सगळ्याचा एक रुपयाही मिळणार नाही. हे लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यांना कसं सांगायचं? "म्हणजे शिकायला चाललेत?" नाही. "मग पगार?" नाही. समोरचा "वा, छान" म्हणतो आणि मठ्ठा मागवतो.

मी इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात अधूनमधून धम्मसेवेला, म्हणजे अशाच बिनपगारी कामाला, जाते, हे ओळखीपाळखीत माहीत आहे. त्यामुळे असे आई-वडील मला फोन करतात. "तुम्ही त्यातल्या ना? जरा समजवा की." मुलांना समजवा, असा त्याचा अर्थ. पण मला बोलायचं असतं ते तुमच्याशीच.

फोन बहुतेक वेळा धर्मावरून सुरू होतो. आपल्या घरात गणपती, नवरात्र, कुळाचार, आणि मुलं हे काय घेऊन बसली? विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका गुरुजी आयुष्यभर सांगत राहिले की विपश्यना हा कुठला संप्रदाय नाही, कुणीही आपापला धर्म न सोडता ती करू शकतो. तुम्हाला ते पटेल किंवा नाही पटणार. पण बोलता बोलता अर्धा-पाऊण तास गेला की खरं वाक्य बाहेर येतं. "वर्षानं परत आलेच नाहीत तर?" किंवा त्याहून हळू आवाजात, "आम्हाला काही झालं तर?" माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन वाक्यं माझ्याशी बोलण्याऐवजी मुलांशी बोला, आणि कुळाचाराचं पांघरूण न घालता बोला. कुळाचारावर मुलं वाद घालतील आणि जिंकतीलही. भीतीवर वाद घालता येत नाही, तिला उत्तर द्यावं लागतं.

असं घर तुमचं एकट्याचंच नाही. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथात प्रचारक कमी असलेल्या देशांत जाऊन राहणारी जोडपी असतात, आणि ती पोटापाण्याचं स्वतःचं स्वतः बघतात. मॉर्मन मंडळींत तर उलटी गंगा: निवृत्त नवरा-बायको सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत स्वखर्चानं सेवेला जातात, आणि घरी वाट बघतात ती मुलं. आपल्याकडे पांडुरंगशास्त्री आठवल्यांचे स्वाध्यायी भक्तिफेरीला निघतात तेही पदरमोड करूनच. म्हणजे बिनपगारी माणसं वेडी असतात असं समजायचं कारण नाही. काही असतीलही, पण ती पगारी लोकांतही सापडतात.

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्या मुलांनी तुम्हाला सांगितली असण्याचा संभव कमी. भारतात विपश्यना परत आली ती आई-वडिलांपायी. सत्यनारायण गोयंका मंडालेत जन्मलेले, ब्रह्मदेशातले मारवाडी व्यापारी. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन सरकारी नोकरीत अकाउंटंट जनरल होते. आई आजारी म्हणून गोयंका १९६९ साली मुंबईला आले. त्या जुलैत इथल्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं, आणि मोजक्या साधकांत त्यांचे आई-वडील बसले होते. पुढे शिबिरांमागून शिबिरं होत गेली, १९७६ मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात पहिलं शिबिर झालं, आणि आईसाठी आलेला माणूस इथलाच होऊन गेला. तेव्हा मुलं "थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे" म्हणाली, की ही गोष्ट हसत हसत त्यांना सांगा. तुमची काळजी अगदीच निराधार नाही, हे त्यांनाही कळेल.

परत येण्याचं थोडंफार उत्तर व्हिसात असतं, म्हणून तो नीट समजून घ्या. "व्हिसा होईल हो" हे उत्तर नव्हे. अमेरिकेत मान्यताप्राप्त धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवेसाठी बी-वन प्रकारात जाता येतं. तिथे पगार घेता येत नाही, आणि किती दिवस राहायचं ते उतरल्यावर इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. मुलांच्या तोंडचं "वर्षभर" त्याच्या शिक्क्यात सहा महिने होऊ शकतं. ब्रिटनमध्ये पाहुण्याच्या व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत फार तर ३० दिवस सेवा करता येते. त्याहून जास्त राहायचं तर बिनपगारी कामासाठी चॅरिटी वर्कर व्हिसा आहे, १२ महिन्यांपर्यंतचा, आणि त्यासाठी संस्थेकडे प्रायोजकत्वाचा सरकारी परवाना लागतो. म्हणून विचारायचं ते असं: कागद कुठल्या प्रकारचे, कुणाच्या नावानं, किती मुदतीचे? आणि मुदत वाढवायची वेळ आली तर तो निर्णय कधी घेणार, आणि आम्हाला कधी सांगणार? या शेवटच्या प्रश्नाची तारीख आत्ताच ठरवून घ्या. विमानात बसल्यावर ती कुणी ठरवत नाही.

मग पैसा. केंद्रात राहणं-जेवणं होतं, मानधन कुणालाच नाही, अगदी शिकवणाऱ्या सहायक आचार्यांनाही नाही. शिबिरं चालतात ती आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर. हे मला फार आवडतं, पण फ्लॅटचा हप्ता त्यानं भरला जात नाही. हप्ता कोण भरणार? मेडिक्लेम चालू ठेवणार का? इथली पॉलिसी तिथे सहसा चालत नाही म्हणून ती बंद करायची आणि आल्यावर नवी घ्यायची, असं अनेक तरुण करतात, आणि जुन्या आजारांसाठीचा थांबायचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पीएफचे पैसे काढून तिकिटं काढत असतील तर मात्र तोंड उघडा, कारण पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी मोजली जाते आणि पेन्शनचेही पैसे काढून घेतले की ती मोजणी पुसली जाते. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, आजच. हे माझं मत आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

सासू-सासऱ्यांना एक नाजूक गोष्ट सांगायची आहे. केंद्रात पुरुषांची आणि बायकांची बाजू वेगळी असते. शिबिर चालू असताना सेवा देणारे नवरा-बायकोही वेगळे राहतात. पहाटे चारला घंटा, दिवसातून तीनदा सर्वांबरोबर ध्यानाला बसायचं, बाकी वेळ शंभर माणसांचं शाकाहारी जेवण, भांडी, फरशी, आणि बोलणं कामापुरतं. फोनही गरजेपुरताच. दोघांनाही तितकीच ओढ असेल तर हे जीवन निवांत आहे. एकाची ओढ आणि दुसऱ्याची फरफट असेल तर सहा महिन्यांत ते दिसतं, आणि तेही परक्या देशात. म्हणून जाण्याआधी दोघांनी इथेच, इगतपुरीला किंवा दुसऱ्या कुठल्या केंद्रात, लागोपाठ काही शिबिरांना एकत्र सेवा दिली आहे का, ते विचारा. सुनेला एकटीला गाठून "तुझं खरं मन काय?" असं मात्र विचारू नका. ते तिच्या आईला विचारू द्या. तुम्हाला ती उत्तर देईल, पण ते सुनेचं उत्तर असेल.

पूर्वी नैराश्य किंवा मनाचा दुसरा काही आजार होऊन गेला असेल, तर लपवू नका आणि लपवू देऊ नका. शिबिराच्या अर्जात ते विचारतात, आणि उगाच विचारत नाहीत. इतकं लांब, इतकं सलग ध्यान प्रत्येकाला झेपतंच असं नाही. आणि संस्था कुठलीही असो, कितीही थोर असो, पासपोर्ट स्वतःकडे राहतो का, मधेच निघून येता येतं का, साठवलेलं सगळं दान करायला सांगतात का, हे विचारायला आई-वडिलांनी संकोचू नये. हे विचारल्यानं श्रद्धेचा अपमान होत नाही.

नातवंडाचं. मला ठाऊक आहे, ते सगळ्यात दुखरं आहे. त्याबद्दल एकदा बोला, दोघांसमोर, स्पष्ट, आणि मग थांबा. वाढदिवसाच्या व्हिडिओ कॉलवर शेजारणीच्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजीचे मूक टोमणे मी पाहिलेत. त्यानं कुणी लवकर परत आल्याचं ऐकिवात नाही.

उलट जे सांगायला हवं, ते आपण सांगत नाही: आपली तब्येत. साखर किती, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे का ढकललं, रात्री छातीत काय होतं, हे "उगाच त्यांच्या मनाला लागेल" म्हणून गिळून टाकायचं आणि मग मनात म्हणायचं, यांना आमचं काही पडलेलं नाही. कसं पडेल? माहीतच नाही. जाण्याआधी एक संध्याकाळ टीव्ही बंद करून बसा. हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर पहिला फोन कुणाला, निर्णय कुणाचा, बँकेत दुसरं नाव कुणाचं, मुखत्यारपत्र लागेल का, केंद्राच्या ऑफिसचा कुठला नंबर रात्री उचलला जातो, हे कागदावर उतरवा. मुलगीही असेल, तर त्या कागदावर तिचं नाव आपोआप लिहू नका. ती जवळ राहते एवढ्यानं सगळं तिच्यावर येत नाही. तिला आधी विचारा.

आणि हो, तिकडे भेटायला जायची टूम निघेल. जरूर जा. फक्त तिकीट काढण्याआधी केंद्राच्या संकेतस्थळावर शिबिरांच्या तारखा बघा आणि दोन शिबिरांमधले मोकळे दिवस धरा. नाहीतर मुलगा स्वयंपाकघरात, सून बायकांच्या बाजूला, आणि तुम्ही गावातल्या हॉटेलात दहा दिवस खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसाल. स्वतःच शिबिराला बसायचं ठरवलंत तर अर्ज बराच आधी करावा लागतो, जागा भरतात. तेव्हाही शिबिरातलं मौन दहाव्या दिवशी सुटेपर्यंत मुलानं वाढलेली आमटी अळणी आहे, हे तुम्हाला त्याला सांगता येणार नाही.