कोळसा खाणीचा आराखडा आणि संगणक

विदर्भात कोळसा मुख्यतः खुल्या खाणींतून निघतो. तरीही नागपूर जिल्ह्यातील सावनेर, सिल्लेवाडा यांसारख्या ठिकाणी वेस्टर्न कोलफील्ड्सने भूमिगत खाणी चालविल्या. अशा खाणीत थरामध्ये आडवे-उभे बोगदे खोदतात आणि मधले कोळशाचे चौकोनी खांब छताला आधार म्हणून राखतात. किती कोळसा काढावा आणि किती ठेवावा, हा आराखड्याचा मूळ प्रश्न होय.

एक उदाहरण घेऊ. थर २०० मीटर खोल आहे. वरच्या खडकाचा भार प्रति चौरस मीटर सुमारे ५०० टन पडतो. खांबांच्या मध्यबिंदूंतील अंतर ३० मीटर आणि बोगदा ४.८ मीटर रुंद ठेवल्यास २९ टक्के कोळसा निघतो. खांबांवरील भार मात्र ७०९ टनांवर जातो. बोगदा ६ मीटर केला, तर ३६ टक्के कोळसा मिळतो आणि भार ७८१ टन होतो. शिवाय छताचा निराधार पट्टाही रुंदावतो. मोह वाटावा असाच हा हिशेब आहे!

इथवरचे गणित कागदावर होते. परंतु पुढे खांब काढू लागताच त्यांचा भार शेजारच्या खांबांवर सरकतो. त्यात खडकातील भेगा, वरखाली असलेले थर यांची भर पडते. संगणक खडकाचे हजारो लहान भाग कल्पून प्रत्येकावरील ताण मोजतो. खांब कोणत्या क्रमाने काढल्यास कामगार उभे असतील तेथे ताण कमी राहील, हे खोदण्यापूर्वीच पडताळता येते. प्रत्यक्ष खाणीत असा प्रयोग करून पाहणे शक्य नाही.

मात्र संगणकाला दिलेली माहितीच अपुरी असेल तर? २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाळा खाणीत साचलेले पाणी फुटून आत शिरले व ३७५ जण मृत्युमुखी पडले. जुन्या खाणींचे नकाशे अनेकदा अपूर्ण असतात, आणि नकाशात नसलेला बोगदा पडद्यावरही उमटत नाही. आपल्या नियमांनुसार जुन्या, पाणी नसल्याची खात्री न झालेल्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत पूर्वपरवानगीखेरीज पुढे सरकता येत नाही. तेथे आधी पुढे लांब छिद्रे पाडून चाचपणी करतात. त्या छिद्रांच्या नोंदी हाती आल्या की आराखडा संगणकावर पुन्हा मांडावा लागतो.