पूल आणि फेरीबोट

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अशा मोठ्या नदीवर पूल झाला की नावेचे काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. गोव्यातील पणजी-बेती फेरीबोटीचा अनुभव मात्र वेगळा आहे. सपाट तळाची ही बोट उतरत्या धक्क्याला लागताच पुढील फळी खाली येते. वाहने आणि पादचारी थेट चढतात. मांडवीवर नेहरू पूल झाल्यावर वाहनांचा ओघ तिकडे वळला. परंतु ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो पूल कोसळला आणि दोन्ही तीरांमधील दळणवळणाचा भार पुन्हा फेरीबोटींवर आला. नवा पूल १९९२ मध्ये खुला झाला. जुने साधन सुस्थितीत राखणे हाही विकासाचाच भाग होय, हे यावरून ध्यानी येते.