नालीचे पाणी जाते कुठे?

सकाळी उठून आपण तोंड धुतो. अंघोळ करतो. घरच्या बाया भांडी घासतात, धुणे धुतात. सारे पाणी मोरीतून नालीत जाते. तेथून पुढे ते दिसत नाही, म्हणून त्याचा विचारही कोणी करीत नाही. या धड्यात आपण त्या पाण्याबरोबर जाणार आहोत. वाट लांबची आहे. गांधीबागेतून निघून भंडारा जिल्ह्यापर्यंत जावयाचे आहे.

आधी थोडा हिशोब करू. पाटी घ्या. शहराची पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. घरात पाच माणसे असली तर ६७५ लिटर झाले. यातले पोटात किती जाते? पिण्याचे आणि स्वयंपाकाचे मिळून फार तर वीस-पंचवीस लिटर. बाकीचे धुण्यापुसण्याला लागते. शंभर लिटर पाणी घरात आले तर त्यातले सुमारे ऐंशी लिटर घाण होऊन बाहेर पडते. जुन्या हिशोबाने म्हणजे रुपयात तेरा आणे. ६७५ चे ऐंशी टक्के काढा. उत्तर ५४० येते. दोनशे लिटरचे अडीच ड्रम भरून वर उरेल एवढे घाण पाणी तुमच्या एका घराने एका दिवसात काढले.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची वस्ती २४ लाखांहून जास्त भरली. माणशी १०८ लिटर धरले, तर दिवसाचे सुमारे २६ कोटी लिटर घाण पाणी होते. त्यानंतर वस्ती वाढली आहे, म्हणजे पाणीही वाढले आहे.

हे सारे जाते कुठे? गल्लीची नाली मोठ्या गटाराला मिळते, गटार नाल्याला मिळते. शहराचा एका बाजूचा उतार नाग नदीकडे आहे, उत्तरेकडचा पिवळ्या नदीकडे. शहराबाहेर पूर्वेला या दोघी एकमेकींना भेटतात.

नाग ही नदी आहे, बरे का! पुष्कळ लोक तिला ‘नाग नाला’ म्हणतात. मुले म्हणतात, कारण मोठी माणसे म्हणतात. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत तिचा उगम आहे. तेथून ती अंबाझरीकडे येते आणि शहरातून सुमारे १७ किलोमीटर वाहते. आपल्या गावाला नागपूर हे नाव तिच्यावरून पडले. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास येथे शहर वसविले, ते या नदीच्या आधाराने. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतान राजाने जुम्मा तलाव बांधला. त्यालाच आपण शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतो. अंबाझरीचा तलाव १८७० सालचा. शहराने त्याचे पाणी पुष्कळ वर्षे प्यायले आहे. ज्या नदीने गावाला नाव दिले तिला आपण नाला करून टाकले, आणि वर नाकाला पदर लावतो.

शहर सोडल्यावर नाग नदी कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्दचे मोठे धरण आहे. १९८८ साली त्याचे भूमिपूजन झाले. धरणाने अडविलेले पाणी मागे मागे फुगत भंडाऱ्यापर्यंत येते. आपल्या मोरीतली घाण वाहत जाऊन या फुगवट्यात साठते. भंडारा शहराला पिण्याचे पाणी वैनगंगेचे आहे. नदीकाठचे ढिवर तेथे मासे धरतात. काठच्या गावांतली गुरे तेच पाणी पितात. त्या लोकांचे आणि आपले काही भांडण नाही. आपल्या नालीचे पाणी तेथवर पोचते, एवढेच आपल्याला ठाऊक नसते.

घाण पाण्याने नदी मरते ती कशी, हे नीट समजून घ्या. आपण हवेतला प्राणवायू घेतो. मासाही प्राणवायूच घेतो, पण पाण्यात विरघळलेला. स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे साधारण आठ मिलीग्रॅम असतो. पाण्यात मैला, खरकटे, तेल आले की त्यावर जगणारे बारीक जंतू भराभर वाढतात. तेही तोच प्राणवायू वापरतात. तो तीन-चार मिलीग्रॅमच्या खाली गेला की मासे तगत नाहीत. पुढे तो संपतोच. मग दुसऱ्या जातीचे जंतू कामाला लागतात आणि पाणी काळे पडून कुजक्या अंड्यासारखी घाण येते. मैल्याच्या खतावर जलपर्णी फोफावते. वरून हिरवेगार दिसते, खाली जीव नाही.

पण घाण पाणी पुन्हा कामाचे करता येते, आणि ते आपल्याच गावात होते. पूर्व नागपुरात भांडेवाडी येथे त्याचे मोठे कारखाने आहेत. पाणी आधी जाळीतून जाते. चिंध्या, प्लास्टिक, काड्या तेथे अडतात. मग वाळू खाली बसू देतात. त्यानंतर पाण्यात खालून हवा सोडतात. गंमत अशी की जे जंतू नदीचा प्राणवायू खातात, त्यांनाच येथे भरपूर हवा देऊन घाण खायला लावतात. पोट भरलेले जंतू गाळ होऊन तळाशी बसतात, वरचे पाणी निवळते. ते आणखी गाळून, औषध घालून कोराडीच्या वीज केंद्राला नळाने पाठवितात. एक कारखाना दिवसाला १३ कोटी लिटर पाण्याचा आहे. नंतर २० कोटी लिटरचा दुसरा झाला. वीज करायला पाणी लागतेच. ते येथून गेले नसते, तर पेंचसारख्या धरणातून तेवढे चांगले पाणी काढावे लागले असते. सांडपाणी इतक्या मोठ्या प्रमाणात वीज केंद्राला देणारी शहरे आपल्या देशात थोडी आहेत. नागपूरने हे काम चांगले केले.

मग नदी अजून काळी का? कारण सगळे पाणी कारखान्यापर्यंत पोचत नाही. जुन्या वस्तीतल्या कितीतरी नाल्या सरळ नदीला जाऊन मिळतात. त्या अडवून पाणी नळात घालावयाचे आणि नवे कारखाने उभारावयाचे, यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली १,९०० कोटींहून अधिक रुपयांची योजना मंजूर केली. तिला जपानच्या कर्जाची मदत आहे. पैसा आपल्याच कराचा आहे. काम कुठवर आले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता आपल्या दारात परत येऊ. गांधीबाग ही कापडाची घाऊक पेठ. एकेका साडीवर प्लास्टिकची पिशवी, गाठीवर सुतळी आणि गोणपाट. सकाळी दुकान झाडायचे आणि केर नालीत लोटायचा, ही काही जणांची जुनी सवय. चिंधी कुजते, प्लास्टिक कुजत नाही. ते वळणावर अडकते, त्यावर गाळ बसतो, नाली तुंबते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. तेव्हा प्लास्टिकने बुजलेल्या गटारांनी पाणी आणखी अडविले. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ साली बंदी आली. कायदा झाला, पिशवी मात्र अजून दिसते.

आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी भरून वाहू लागला, नाग नदी काठ सोडून घरांत शिरली. लोक झोपेत होते. काही जण दगावले. नदीचे पात्र भरले की नालीचे पाणी पुढे जात नाही, मागे फिरते. पात्रात गाळ आणि काठावर बांधकाम असले की ते लवकर भरते. गेली काही वर्षे उन्हाळ्यात यंत्राने नदीचा गाळ काढतात, तो यासाठी.

पूर रोज येत नाही. तुंबलेली नाली मात्र रोजची आहे, आणि तिचा धोका पिण्याच्या पाण्याला आहे. पुष्कळ गल्ल्यांत नळाचा पाइप नालीला लागून जातो. नळ चालू असतो तेव्हा पाण्याला जोर असतो, पाइप फुटका असला तर पाणी बाहेर येते. नळ बंद झाला की जोर जातो आणि त्याच भोकातून नालीचे पाणी आत शिरते. कावीळ, विषमज्वर, हगवण यांचा हा एक मोठा रस्ता. नळाला पहिले पाणी गढूळ किंवा वासाचे आले तर ते पिऊ नका. पुढचेही उकळून घ्या, आणि कळवा.

कळवायचे तर लेखी कळवावे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तुम्हाला आता लिहिता येते, तेव्हा हा अर्ज वहीत उतरवून घ्या.

प्रति,
सहायक आयुक्त साहेब,
महानगरपालिका झोन कार्यालय.
विषय : तुंबलेली नाली साफ करणे.
महोदय,
आमच्या गल्लीतील ........ पासून ........ पर्यंतची नाली दिनांक ........ पासून तुंबली आहे. पाणी रस्त्यावर येते. पिण्याच्या पाण्याचा पाइप नालीला लागून आहे. तरी नाली साफ करावी, काढलेला गाळ त्याच दिवशी उचलावा आणि पाइप तपासावा, ही विनंती.
आपले,
(सह्या व पत्ते)

गाळ त्याच दिवशी उचलावा, असे मुद्दाम लिहिले आहे. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या पावसात परत नालीत जातो. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक-शिक्का आणि तारीख घ्या व जपून ठेवा. अंगठे नकोत, सह्या करा. आणखी एक गोष्ट. मोठे गटार तुंबले तर लवकर काम व्हावे म्हणून कोणालाही आत उतरवू नका. आत विषारी वायू असतो, क्षणात माणूस जातो. साधनांवाचून माणूस गटारात उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्र मागा.

प्रश्न

१. तुमच्या घरी किती माणसे आहेत? माणशी १०८ लिटर धरून तुमच्या घरचे घाण पाणी काढा.
२. नाग नदी पुढे कोणत्या नद्यांच्या वाटेने गोसेखुर्दला पोचते? क्रमाने लिहा.
३. नळ बंद असताना पाइपात घाण पाणी का शिरते?
४. तुमच्या गल्लीतली नाली कोठे मिळते, ते पाहून या व वहीत चार ओळी लिहा.