पाटणादेवीच्या रानातलं पहिलं हरीण

पावसाळा सरला की चाळीसगावात गळ्यात नवा कॅमेरा अडकवलेली पोरं दिसू लागतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘काका, हरीण कुठं सापडेल?’ जागा सांगणं सोपं आहे. पण नुसत्या जागेवर गेल्यानं हरीण दिसत नाही, आणि दिसलं तरी पाठमोरं पळताना दिसतं. गौताळ्याच्या रानात मी पुष्कळ वर्षं फिरतो आहे. जे शिकलो त्यातलं निम्मं शिकवलं ते पायथ्याच्या भिल्लवस्तीतल्या एका वयोवृद्ध वाटाड्यानं. त्याच्या वाडवडिलांनी हाके घातले होते, वाघुरी लावल्या होत्या. शिकारीची सगळी विद्या त्याच्यापाशी होती. जनावर मारायचं सोडून बाकी सगळं तो करत असे, आणि मला वाटतं, आज हरणामागे जायचं ते असंच.

1. आधी कायदा नीट वाचा

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याबद्दल सगळ्यांना एवढंच ठाऊक असतं, की हरीण मारलं तर तुरुंग. ते खरंच आहे. चिंकारा आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड. पण त्याच कायद्यातली शिकारीची व्याख्या फार थोडे लोक वाचतात. मारणं आणि विष घालणं यांच्या जोडीला जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकलत नेणं, आमिष ठेवणं, इतकंच काय, यांतलं काही करण्याचा प्रयत्नसुद्धा त्या व्याख्येत बसतो. फोटोसाठी मोटारसायकल घेऊन चिंकाऱ्यामागे सुटणाऱ्या पोराच्या हातात बंदूक नसते, तरीही कायद्याच्या लेखी तो शिकारीच्याच वाटेवर असतो.

मला ही व्याख्या मनापासून पटते. मागून येणाऱ्याच्या हातात नळी आहे की लेन्स, हे पळणाऱ्या हरणाला कळत नाही. चैत्रातल्या उन्हात जिवाच्या आकांतानं धावलेलं हरीण तारेच्या कुंपणात अडकतं, नाहीतर बिनकठड्याच्या विहिरीत पडतं. फोटो काढणारा तोवर घरी पोचलेला असतो.

2. हे रान कुणाच्या नावाचं आहे, ते लक्षात ठेवा

गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत मिळून ते सुमारे 260 चौरस किलोमीटर पसरलं आहे. आपण ज्याला कन्नड घाट म्हणतो, तोच औट्रम घाट. हे नाव ज्याचं, त्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं 1825 च्या सुमारास खान्देशात भिल्लांची पलटण उभी केली. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी पुढच्या दहाएक वर्षांत या मुलखात दोनशेहून अधिक वाघ मारल्याचं त्याचं चरित्र सांगतं. 2021 मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक तरणा वाघ चालत चालत गौताळ्यात आला, आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात त्याचं चित्र उमटलं तेव्हा ती जिल्ह्याभरची बातमी झाली. दोनशे वर्षांत एवढा फरक पडला. आज तुम्हाला जे हरीण दिसेल ते सगळ्या गोळ्या, फासे आणि कुऱ्हाडींतून वाचलेल्यांचं वंशज आहे, हे मनात ठेवून रानात पाय टाका.

कॅमेऱ्याची वाटही नवी नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा इंग्रज वनाधिकारी हिमालयाच्या पायथ्याशी रानवाटांवर तार ताणायचा. वाघाचा पाय लागला की झगझगाट होऊन त्याचा फोटो निघायचा. त्याचं पुस्तक 1927 साली आलं, म्हणजे बाकीचे साहेब अजून मचाणावर बंदूक घेऊन बसत होते तेव्हा.

3. कुठलं हरीण बघायचं आहे, ते ठरवून निघा

‘हरीण दिसलं’ असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठलं? आपल्या डोंगरात चिंकारा आहे, भेकर आहे, आणि लोक ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय आहे. तिघांच्या सवयी वेगळ्या, म्हणून त्यांना गाठायची रीतही वेगळी.

चिंकारा उघड्या माळावरचा. वजन जेमतेम वीस-पंचवीस किलो, रंग वाळल्या गवताचा, तोंडावर डोळ्यापासून नाकाकडे उतरलेले पांढरे पट्टे आणि सतत हलणारी काळी शेपटी. उभा राहिला तर मातीत मिसळून जातो, शेपटीच तेवढी त्याला उघडं पाडते. नराची शिंगं वळ्यावळ्यांची असतात. मादीलाही शिंगं असतात, पण बारीक. भेकर दाट झाडीतलं, एकटं-दुकटं. ते दिसण्याआधी ऐकू येतं, कारण भ्यायलं की कुत्र्यासारखं भुंकतं. रोही सगळ्यांत मोठी आणि दिसायला सोपी, पण शेतकऱ्याच्या हरभऱ्यातून तिला हुसकावलेलं असतं, त्यामुळे माणसाला फार बुजते.

भेकराची शिंगं गळून पुन्हा उगवतात. चिंकारा, काळवीट आणि रोही यांची कायमची असतात. रानात गळालेलं शिंग सापडलं तर बघा, फोटो काढा आणि तिथंच ठेवा. घरी आणणं हाही गुन्हा आहे.

4. पहिल्यांदा सोप्या रानात जा

पहिल्याच खेपेला गौताळ्यातल्या पाटणादेवीच्या दरीत भेकर शोधायला निघू नका. आधी येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट बघून या, किंवा कर्जतजवळच्या रेहेकुरीला जा. रेहेकुरीचं अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. तिथं कळप उघड्यावर चरतात, माणसाच्या येण्या-जाण्याला थोडे सरावलेले असतात. कळप कधी मान वर करतो, कुठल्या अंतरावर चरणं थांबवतो, हे तिथं तासाभरात शिकता येतं.

5. वारा

मला एकच धडा द्यायची मुभा असती, तर मी हा दिला असता.

हरणाचे डोळे तीक्ष्ण आहेत, कान त्याहून, पण नाकाला तोड नाही. तुम्ही पळसाच्या खोडामागे दगडासारखे बसलात, तरी वारा तुमच्या पाठीवरून त्याच्याकडे जात असेल तर खेळ संपला. आमचा वाटाड्या चालता चालता चिमूटभर माती उचलून सोडायचा आणि तिच्याकडे बघून वाट बदलायचा. एकदा समोरच्या टेकाडावर चिंकारा उघड्या डोळ्यांनी दिसत असताना तो मागे वळला. मी विचारलं, का? म्हणाला, ‘वारा उलटा शे भाऊ, फिरीसन जाऊ.’ त्या फेऱ्याला दीड तास लागला. पण आम्ही पोचलो तेव्हा चिंकारा अजून चरत होता, बोरीचा पाला ओरबाडताना त्याचे ओठ हलताना दिसत होते.

डोंगरातल्या वाऱ्याचं एक गणित आहे. रात्री गार झालेली हवा सकाळी उतारावरून खाली दरीत ओघळते. ऊन चढलं की तापलेली हवा दरीतून वर जाऊ लागते. म्हणून पहाटे खालून वर चढा, आणि नऊ-दहानंतर जायचंच असेल तर वरून खाली या. मधे अर्धा-पाऊण तास वारा कुठल्याच बाजूचा नसतो, भोवऱ्यासारखा फिरतो. तेव्हा हलू नका. भाकरी सोडून बसा. कळण्याची भाकरी चालेल, पण लसणाचा ठेचा घरी ठेवा, आणि अत्तर, साबणाचा दरवळ, तंबाखू हेही.

6. चिंकारा पळाला तरी कॅमेरा खाली घेऊ नका

चिंकारा भ्यायला की पुढचा पाय आपटतो, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि सुसाट सुटतो. पण दोन-अडीचशे मीटरवर गेला की थांबतो आणि मागे वळून बघतो. तुम्ही त्याच्यामागे धावलात तर तो पुन्हा दिसणार नाही. जागच्या जागी गुडघा टेकून राहिलात तर तुम्ही काय आहात हे ताडत तो पुष्कळ वेळ उभा राहतो. तेवढा वेळ तुमचा.

7. माग काढायला शिका

पहिल्या दिवशी हरीण नाही दिसलं तरी जमीन दिसतेच. खुरांच्या दोन पाकळ्या टोकाशी जवळ आणि अरुंद असल्या तर चिंकारा, रुंद आणि खोल असल्या तर रोही. चिंकारा आणि रोही ठराविक जागीच पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात. ओल्या, चकाकणाऱ्या लेंड्यांचा ढीग सापडला तर ती जागा नेहमीच्या वावरातली. तिथून वारा बघून बाजूला लपण धरा. डोंगरी नदीच्या वाळूत सकाळी सकाळी हा सगळा हिशेब उमटलेला असतो, गुरं उतरायच्या आत तो वाचायचा.

8. पाणवठ्यावर जपून

वैशाखात खान्देशात पारा 43 च्या पुढे जातो, सालई-धावड्याची पानं गळून रान उघडं पडतं, आणि जनावर पाण्यावर येणार हे नक्की असतं. फोटोला यासारखी वेळ नाही. पण याच दिवसांत चूक सर्वांत महाग पडते, आणि किंमत जनावर मोजतं. पाण्याच्या अगदी काठाशी बसलात तर तहानलेली रोही लांबून वास घेते आणि तशीच परत जाते. दुसरं पाणी कदाचित डोंगराच्या पलीकडे असतं. म्हणून लपण पाण्यापासून लांब, जनावरांच्या वाटेपासून बाजूला, आणि वनरक्षकाला विचारूनच. दिवस उजाडण्याआधी आत जाऊन बसा. जनावर पाण्यावर असताना उठू नका. पाय बधिर झाले तरी नाही.

बुद्धपौर्णिमेला वनखातं मचाणावरून प्राणी पाहण्याची संधी देतं. नवख्यानं तिथं नाव द्यावं. रात्रभर जुन्या जाणत्यांसोबत गप्प बसणं हे चांगलं शिक्षण आहे.

9. कॅमेऱ्याबद्दल थोडंसं

तीनशे मिलिमीटरच्या आतली लेन्स असेल तर हरणाचा नाही, रानाचा फोटो काढा, त्यात हरीण असू द्या. तसे फोटो मला जास्त आवडतात. शटरचा वेग हजाराच्या वर, फोकस डोळ्यावर, आणि आवाज बंद करता येत असेल तर बंद. तिपाईपेक्षा दादर ज्वारी भरलेली कापडी पिशवी बरी. दगडावर ठेवली की लेन्स पक्की बसते.

उजेडाचं मात्र शिकावं लागतं. पाटणादेवीची दरी डोंगराच्या उत्तर अंगाला आहे, कडे तिन्ही बाजूंनी उभे. हिवाळ्यात तळाशी ऊन फार उशिरा पोचतं, म्हणून सकाळचा सोनेरी उजेड हवा असेल तर पठार गाठा. आणि लेन्स घेण्याआधी चाळीसगाव स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर बघून या. 1989 मध्ये ते गेले, पण टेबलावर देखावे रचून त्यांनी काढलेले फोटो तिथं आहेत. घराच्या चार भिंतींत बसून त्यांनी हिमवर्षावाचा भास उभा केला तो उजेडाच्या जोरावर. चाळीसगावच्या पोरानं त्यांचं काम न बघता कॅमेरा उचलावा, हे मला दुखतं.

10. गवतात पाडस दिसलं तर

मागे फिरा. ते टाकलेलं नसतं. आई त्याला लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. तुम्ही तिथं असेपर्यंत ती येणार नाही, आणि तुमच्या मागोमाग गावातली कुत्री आली तर पाडस उरणार नाही. उचलून घरी आणलेली पाडसं फार क्वचित जगतात.

11. शेतकऱ्याशी बोला

हरीण कुठं आहे हे सर्वांत आधी त्याला माहीत असतं, कारण त्याच्या मका-हरभऱ्याचं नुकसान झालेलं असतं. त्याच्या रागाला कारण आहे. तुम्ही शहरातून येऊन ‘किती सुंदर!’ म्हणता तेव्हा त्यानं रात्र माळ्यावर जागून काढलेली असते. बांधावरून चाला, उभ्या पिकात शिरू नका. नुकसानभरपाईचा अर्ज भरायला मदत करता आली तर करा. मी करतो.

तारेचा फासा किंवा संशयास्पद गोळा दिसला तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवून 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर किंवा वनरक्षकाला कळवा.

12. अंधाराआधी बाहेर

गौताळ्यात बिबट्या आहे, अस्वल आहे. 2017 च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठच्या गावांत एका बिबट्यानं माणसं मारली होती आणि शेवटी सरकारी आदेशानं त्याला गोळी घालावी लागली. ते दिवस ज्यांनी पाहिले, ते संध्याकाळी वाकून लेंड्या बघत बसत नाहीत. एकटे जाऊ नका, प्रवेशाची नोंद करा, घाटात गाडी हळू चालवा. रात्री रस्ता ओलांडणारं जनावर दिव्यांनी दिपून जागीच उभं राहतं.

13. वही ठेवा, जागा सांगू नका

तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, नर किती, माद्या किती, काय खात होते : एवढं लिहा. दोन-तीन वर्षांची अशी वही वनरक्षकाला दाखवली तर त्याच्याही कामाला येते. फोटो समाजमाध्यमावर टाकायचा असेल तर टाका, पण आधी त्यातली ठिकाणाची नोंद पुसा, ‘गौताळा’ एवढंच लिहा. पाणवठ्याचं नाव, ओढ्याचं नाव, कुठल्या वाटेनं गेलात, यांतलं काही नको. विचारणारा ओळखीचा असेल तर त्याला सोबत घेऊन जा आणि चिमूटभर माती सोडायला त्यालाच सांगा.