गाठीची सावली आणि तिचे गणित

फुप्फुसाच्या कर्करोगाने पीडलेले दोन रोगी एकाच रुग्णालयात उपचार घेत असतात. दोघांचा रोग एकाच अवस्थेत असतो, औषधेही तीच. आणि तरीही एक वर्षभरात जगाचा निरोप घेतो व दुसरा पुढे कित्येक वर्षे हिंडतो-फिरतो. कोणाची प्रकृती कोणते वळण घेईल हे आधी कळले, तर कडक उपचार कोणास द्यावा आणि कोणाच्या देहास त्याचा जाच नको, हे डॉक्टरांना ठरविता येईल. हे कोडे सोडविण्यासाठी काही संशोधक सीटी स्कॅनकडे वळले.

देहात डोकावण्याची ही विद्या १८९५ साली जर्मनीत सुरू झाली. त्या वर्षी विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. परंतु क्ष-किरणांच्या चित्रात बरगड्या, हृदय व फुप्फुसे यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. इंग्लंडमधील गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने ही अडचण दूर केली. १९७१ साली लंडनमधील एका रुग्णालयात त्यांच्या यंत्राने रोग्याच्या मेंदूचे थर, शस्त्र न लावता, एकामागून एक दाखविले. तेच सीटी स्कॅन होय. गंमत अशी, की स्कॅन हे मुळात चित्र नव्हेच. ते आकड्यांचे कोष्टक आहे. देहाचे चिमुकले ठोकळे कल्पून प्रत्येकास एक आकडा दिलेला असतो. पाण्यास ०, हवेस उणे १०००. त्या आकड्यांना काळ्या-पांढऱ्या छटा द्याव्या लागतात त्या केवळ मनुष्याच्या डोळ्यासाठी.

संगणकाला आकडेच पुरतात. २०१४ साली ह्यूगो आर्ट्स व त्यांच्या नेदरलँड्स आणि अमेरिका येथील सहकाऱ्यांनी १०१९ रोग्यांचे स्कॅन तपासले. फुप्फुसाच्या किंवा डोके-मानेच्या कर्करोगाचे हे रोगी होते. प्रत्येक गाठीची ४४० लक्षणे त्यांनी मोजली: तिची घडण, तिच्या आतील छटांची सरमिसळ, तिचा पोत. मास्ट्रिक्ट या गावच्या ४२२ रोग्यांवरून चार लक्षणांचे एक सूत्र तयार झाले. दुसऱ्या ठिकाणच्या फुप्फुसाच्या रोग्यांवर ते पडताळले, तेव्हा दोघांपैकी अधिक काळ कोण जगेल हे ते १०० पैकी सुमारे ६५ वेळा बरोबर सांगे. नाणे उडविले तरी ५० वेळा बरोबर येईलच. पण त्यापेक्षा हे निश्चित वरचढ होते. मानेच्या रोग्यांनाही तेच सूत्र लागू पडले. गाठीच्या पोतात तिचा स्वभाव लिहिलेला असावा, असे अनेकांस वाटले.

आर्ट्स यांच्या गटाने एक गोष्ट फार चांगली केली. ते ४२२ स्कॅन त्यांनी सर्वांसाठी खुले केले. कॅनडातील टोरांटो येथे मॅटिआ वेल्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतले आणि एक साधी युक्ती लढविली. पत्ते पिसावेत त्याप्रमाणे गाठीच्या आतील आकडे त्यांनी पार विस्कटून टाकले. बाहेरील कड तीच राहिली. पोत मात्र उरला नाही. आता सूत्राचे भाकीत कोलमडावयास हवे होते. ते जसेच्या तसे राहिले! मग गाठीचे केवळ आकारमान घेऊन पाहिले, तर त्यावरूनही जवळजवळ तितकेच अचूक भाकीत येऊ लागले. चार लक्षणांच्या भारदस्त नावांआड गाठ किती मोठी आहे, एवढेच प्रामुख्याने मोजले जात होते. आणि मोठी गाठ अधिक घातक, हे तर डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. मानेच्या रोग्यांनाही ते सूत्र का लागू पडले, याचाही उलगडा मग झाला.

यात कोणी कोणास फसविले नव्हते. २०१९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. असे सूत्र बांधताना ते आकारमानाहून काही निराळे सांगते काय, हे आधी तपासावे, असे वेल्च व सहकाऱ्यांनी त्यात सुचविले. मास्ट्रिक्टच्या त्या रोग्यांचे स्कॅन, नावे काढून टाकलेले, खुल्या संग्रहात ठेवलेले आहेत. पुढे कित्येक नव्या सूत्रांची परीक्षा त्यांच्यावरच झाली.