मदत मोठी कोणाला?

प्रश्न : अमेरिकेत महामारीच्या काळी एकाच काउंटीतील शेतकऱ्यांना सरकारी मदत इतकी असमान का मिळाली?

उत्तर : २०२० साली केंद्रीय कृषिखात्याने सुरू केलेल्या ‘कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम’चे अर्ज स्थानिक कचेरीत दाखल होत असले, तरी रकमेचे परिमाण शेतकऱ्याची गरज हे नसून पीक, दूध व जनावरे यांचे प्रमाण हे असल्यामुळे, ज्याचा व्याप मोठा त्याची रक्कमही मोठी ठरणे अपरिहार्य होते. दरडोई २,५०,००० डॉलरची मर्यादा होती खरी. परंतु कंपनीरूपाने चालणाऱ्या शेतीचे तीन सभासद प्रत्येकी किमान ४०० तास श्रम वा व्यवस्थापन करीत असल्यास ती ७,५०,००० पर्यंत वाढे. तात्पर्य, ही योजना नुकसानभरपाईची होती, दारिद्र्यनिवारणाची नव्हे.